लिलावातल्या 'हुडिनीच्या' बेड्या: घ्याव्यात की नाही?

आधी निकाल सांगते, म्हणजे ज्यांना तेवढंच हवं आहे त्यांना पुढचं वाचत बसायला नको. बेड्या जुन्या आहेत, अस्सल आहेत, बर्मिंगहॅमच्या हायट कारखान्यातल्या आहेत आणि त्यांची घडाई सुंदर आहे. पण त्या हॅरी हुडिनीच्या, म्हणजे बेड्यांतून सुटून दाखवणाऱ्या त्या प्रसिद्ध जादूगाराच्या, मनगटावर कधी चढल्या होत्या असं दाखवणारं या लॉटमध्ये, म्हणजे लिलावात एकत्र विकलेल्या या संचात, काहीही नाही. पुरावा म्हणून जे कागद सोबत दिलेत, ते हुडिनी गेल्यानंतर कित्येक वर्षांनी तयार झालेत. बेड्या म्हणून घ्यायच्या असतील तर अवश्य घ्या आणि बेड्यांची किंमत द्या. त्या नावासाठी एक डॉलरही जास्त मोजू नका.

अमेरिकेतल्या एका ऑनलाइन लिलावगृहातून ही वस्तू आली. घेतली आमच्या एका स्नेह्यांनी. नोकरी सांभाळून गेली कित्येक वर्षं ते जादूचे प्रयोग करतात आणि हुडिनी हे त्यांचं दैवत. माझं काम धातूंच्या बिघाडाची तपासणी करण्याचं: तुटलेला बोल्ट, चिरलेला गिअर, फुटलेली झडप समोर येते आणि ती का तुटली ते मी शोधते. शिवाय जुनी कुलपं जमवायचा नाद आहे, त्यामुळे त्यांचा फोन येणं ठरलेलंच होतं. "वहिनी, लोखंड तुम्ही बघा, हुडिनीचं मी बघतो," असं त्यांनी ठरवून टाकलं. प्रत्यक्षात दोन्ही बाजू दोघांनी मिळून बघितल्या, आणि ते बरंच झालं.

किंमत आधी सांगते, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. बोली ४,२०० डॉलरवर थांबली. त्यावर लिलावगृहाचं २५ टक्के कमिशन, म्हणजे एकूण ५,२५० डॉलर, आणि पाठवणीचा खर्च वेगळा. याच घडणीच्या, याच कारखान्याच्या, कुणाचंही नाव न चिकटलेल्या बेड्या शे-दोनशे डॉलरला सहज मिळतात. उरलेले पाच हजार कशाचे, तर एका नावाचे. मग त्या नावाचीच तपासणी व्हायला हवी.

पेटीत होतं ते असं: बेड्यांची जोडी, एक किल्ली, आत लाल मखमल लावलेली लाकडी पेटी, सुतळीने बांधलेलं पुठ्ठ्याचं लेबल, एका थिएटर कामगाराच्या नातवाचं टंकलिखित पत्र, साखळदंडांत जखडलेल्या हुडिनीच्या एका प्रसिद्ध फोटोची प्रत, आणि सोनेरी शिक्का मारलेलं 'सत्यता प्रमाणपत्र'. पाठवणी चांगली होती. सगळं फोममध्ये नीट बसवलेलं होतं आणि लोखंडाला ओल लागू नये म्हणून सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या. त्याबद्दल पूर्ण गुण.

बेड्यांबद्दल मला मनापासून लिहायचंय, कारण या लॉटमधली खरी वस्तू तीच आहे. या प्रकाराला डार्बी म्हणतात. आजच्या पोलिसांच्या बेड्यांना दाते असतात, मनगट जाड असो की बारीक, तेवढ्यापुरत्या त्या आवळता येतात. डार्बीचं माप ठरलेलं असतं. एक कमान, तिला बिजागरी, आणि कमानीचं टोक एका नळीत शिरून आतल्या स्प्रिंगच्या दांड्यात अडकतं. त्या दांड्याच्या शेपटीला आटे असतात. किल्ली पोकळ असते आणि तिच्या आतल्या बाजूला आटे कापलेले असतात. ती नळीच्या तोंडातून आत घालून फिरवत गेलं की दांड्यावर चढते, दांडा स्प्रिंगच्या विरुद्ध मागे ओढला जातो आणि कमान सुटते. इतकी साधी आणि इतकी दणकट रचना की ब्रिटिश पोलिसांनी ती विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वापरली. हायटचा कारखाना १७८० पासूनचा, आणि हीच घडण त्यांनी पिढ्यानपिढ्या काढली.

याचा एक परिणाम खरेदीदाराने लक्षात ठेवायला हवा. नुसता आकार बघून डार्बीचं वय सांगता येत नाही. १८८० ची जोडी आणि १९२० ची जोडी शेजारी ठेवली तर नवखा माणूस फरक सांगू शकणार नाही. त्यामुळे बघायचं असतं ते लोखंड.

या जोडीच्या नळीवर 'हायट बेस्ट वॉरंटेड रॉट' असा ठसा आहे. रॉट म्हणजे घडीव लोखंड, आणि ठसा म्हणतो ते खरं आहे. घडीव लोखंडात मळीचे (स्लॅगचे) बारीक धागे अडकलेले असतात. शतकभराच्या गंजाने पृष्ठभाग खाल्ला की ते धागे उघडे पडतात आणि लोखंडावर लाकडासारख्या रेषा दिसू लागतात. डाव्या बेडीच्या कमानीवर, बिजागरीजवळ, त्या रेषा भिंगातून इतक्या स्पष्ट दिसतात की मी माझ्या हाताखालच्या मुलांना मुद्दाम बोलावून दाखवल्या. बाजारात ज्या नकला फिरतात त्या बहुतेक बिडाच्या असतात. त्यांच्यावर साच्याच्या दोन अर्ध्यांमधली शिवण दिसते, पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत असतो आणि ठशातली अक्षरं बसकी, कडा गोलावलेली असतात. इथे अक्षरांच्या कडा धारदार आहेत, कारण ती लोखंडात ठोकलेली आहेत, ओतलेली नाहीत. नळीच्या आतल्या तोंडाशी कानशीच्या खुणा आहेत, आणि दोन्ही बेड्यांवर त्या वेगवेगळ्या आहेत. प्रत्येक बेडी कुणीतरी हातात धरून, मापाला लावून, पुन्हा घासून बसवली होती. त्या कारागिराचं नाव कुठल्याच कागदावर नाही. मला त्याची खूण सापडली याचा आनंद त्या सोनेरी शिक्क्यापेक्षा मोठा वाटला.

एक्सआरएफ यंत्रावर, म्हणजे ओरखडाही न काढता वरच्या थरातली मूलद्रव्यं दाखवणाऱ्या यंत्रावर, जोडी ठेवून बघितली. मँगनीज अगदी नगण्य, जे जुन्या घडीव लोखंडाला शोभतं. निकेलचा मुलामा नाही, क्रोमियम नाही. क्रोमियमचं महत्त्व एवढ्यासाठी की त्याचा चकचकीत मुलामा व्यापारी प्रमाणावर आला तो १९२० च्या दशकाच्या मध्यात. १९०४ ची म्हणून कुणी क्रोमची बेडी विकत असेल तर तिथूनच परत फिरावं. या जोडीत एकच गोष्ट वेगळी निघाली: मधल्या साखळीतली एक कडी नंतर बदललेली आहे. तिच्यात मँगनीज आधुनिक पोलादाइतकं आहे आणि जोडावर विजेच्या वेल्डिंगचा मणी स्पष्ट दिसतो. मला त्यात काही वावगं वाटत नाही, वापरातल्या वस्तूची दुरुस्ती होतेच. पण लिलावगृहाच्या वर्णनात 'सर्व भाग मूळ' असं छापलं होतं, आणि ते चूक आहे.

आता नाव.

हुडिनीचं मूळ नाव एरिक वाइस. जन्म बुडापेस्टचा, १८७४ चा, पण स्वतः तो विस्कॉन्सिनमधलं ॲपलटन हे आपलं जन्मगाव सांगत असे. १८९९ मध्ये मार्टिन बेक या रंगमंच-व्यवस्थापकाने त्याला मोठ्या रंगमंचांवर आणलं आणि पुढची काही वर्षं तो 'बेड्यांचा राजा' म्हणून अमेरिका आणि युरोप गाजवत होता. प्रमाणपत्रात ज्या प्रसंगाचा हवाला दिलाय तो या सगळ्यातला सगळ्यात गाजलेला: १७ मार्च १९०४, लंडनचं हिप्पोड्रोम थिएटर, 'डेली इलस्ट्रेटेड मिरर' या वृत्तपत्राचं आव्हान. प्रमाणपत्र म्हणतं की या बेड्या 'मिरर आव्हानाच्या संध्याकाळच्या खेळात वापरल्या गेल्या'.

ज्याने हे लिहिलं त्याने त्या आव्हानाची साधी हकीकतही वाचलेली नाही. खेळ दुपारचा होता. आणि त्या दिवशी ज्या बेडीची गोष्ट झाली ती डार्बी नव्हती. ती नॅथॅनियल हार्ट नावाच्या बर्मिंगहॅमच्या लोहाराने केलेली होती, आणि ती बनवायला त्याने पाच वर्षं घालवल्याचं तेव्हा जाहीर केलं गेलं. तिच्यातलं कुलूप ब्रामा पद्धतीचं होतं. कुलपांच्या जगात ब्रामाचं नाव काय आहे हे कळायला एवढं पुरे: जोसेफ ब्रामाने त्या कुलपाचं पेटंट १७८४ मध्ये घेतलं. पुढे त्याच्या कंपनीने एक कुलूप लंडनमधल्या दुकानाच्या खिडकीत मांडलं आणि ते उघडणाऱ्याला २०० गिनी (जुनं ब्रिटिश चलन) जाहीर केल्या. ते उघडलं १८५१ मध्ये, अमेरिकन कुलूपतज्ज्ञ ए. सी. हॉब्जने, आणि त्यासाठी त्याला सोळा दिवसांत मिळून ५१ तास लागले. अशा जातीचं कुलूप हुडिनीच्या मनगटावर होतं, समोर सुमारे चार हजार प्रेक्षक होते आणि शंभरावर पत्रकार. मधे एकदा त्याने कोट काढण्यापुरती बेडी उघडून मागितली. मिररच्या प्रतिनिधीने नकार दिला, कारण उघडताना कुलूप कसं चालतं ते त्याला दिसलं असतं. मग त्याने खिशातून चाकू काढला, दातांनी उघडला आणि अंगातला कोट कापून फेकून दिला. एक तास दहा मिनिटांनी तो मोकळा झाला. सगळं आधी ठरलेलं होतं का यावर अभ्यासक आजही भांडतात, आणि भांडावंच, इतका तो प्रसंग भरलेला आहे.

हायटही बर्मिंगहॅमचे आणि हार्टही बर्मिंगहॅमचा. प्रमाणपत्र लिहिणाऱ्याने एवढ्या धाग्यावर दोन्ही गोष्टी एकत्र शिवल्या असाव्यात.

लेबलकडे वळू. पिवळट पुठ्ठा, कडा झिजलेल्या, वर निळ्या शाईत 'हुडिनी, हिप्पोड्रोम, लंडन, १९०४'. आमच्या स्नेह्यांना सगळ्यात जास्त ओढ याच लेबलाची होती. हाताने लिहिलेली अक्षरं माणसाला लगेच जवळची वाटतात, त्यांचं काही चुकलं नाही. मी खोली अंधारी केली आणि अतिनील दिवा लावला. पुठ्ठा निळसर पांढरा, लख्ख चमकला. कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात जी चमकवणारी रसायनं मिसळतात ती साधारण १९५० च्या सुमारापासून कागदात येऊ लागली. १९०४ चा कागद अतिनील उजेडात मंद, पिवळट राहतो. मग शाई सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. प्रत्येक रेघेच्या मधोमध खोबण, आणि वळणांवर शाईचे चिकट ठिपके जमलेले. ही बॉलपेनची खूण आहे. अमेरिकेत बॉलपेन पहिल्यांदा दुकानात विकायला आलं ते ऑक्टोबर १९४५ मध्ये, न्यूयॉर्कच्या गिम्बेल्समध्ये. हुडिनीला जाऊन तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती. राहिला तो पिवळेपणा. सुतळीच्या भोकाला पितळी कडं आहे. ते आम्ही किंचित उचलून बघितलं तर खालचा पुठ्ठा पांढराफेक. वय खरं असतं तर वर्षानुवर्षांचा पिवळेपणा तिथेही थोडाफार पोचला असता. इथे रंग वरून लावलाय, आणि तोही कडं बसवल्यानंतर.

नातवाच्या पत्राला जास्त वेळ लागला नाही. पत्रावर तारीख १९५८ ची, आणि छापील पत्त्यात पाच अंकी झिप कोड, म्हणजे तिथला पिन कोड. झिप कोड अमेरिकेत सुरू झाले १ जुलै १९६३ ला. पेटीच्या बिजागरीला फुलीच्या खाचेचे स्क्रू आहेत. तसे स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आले. पेटी हुडिनीची आहे असा दावा लिलावगृहाने थेट केला नव्हता, पण फोटोत बेड्या तिच्यातच मांडल्या होत्या आणि मथळा होता 'मूळ पेटीसह'.

फोटोबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण बहुतेकांचा विश्वास तिथेच बसतो. साखळदंडांत वाकून उभा असलेला हुडिनी आपण सगळ्यांनी बघितलाय. त्याचे असे जुने फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसकडच्या मॅकमॅनस-यंग संग्रहात आहेत आणि मोठ्या आकारात पाहता येतात. त्यांत कुठे डार्बी दिसली, तर त्यावरून एवढंच कळतं की हुडिनी डार्बी वापरायचा, आणि ते सगळ्यांना माहीतच आहे. हीच जोडी ती आहे हे म्हणायला एखादी अशी खूण लागते जी कारखान्यातून आलेली नसते: कमानीवरचा टवका, वाकलेली कडी, तिरका बसलेला ठसा. आम्ही दोघांनी पडद्यावर फोटो मोठे करून या जोडीच्या खुणा शोधल्या. या जोडीत उजव्या बेडीच्या नळीच्या तोंडाशी एक खोल टवका आहे. तो कुठल्याच फोटोत नाही. लिलावगृहाने मात्र फोटोशेजारी बेड्या ठेवून 'फोटोशी जुळणारी' असं लिहिलं. जुळतो तो प्रकार. नमुना जुळल्याचं कुणीही दाखवलेलं नाही.

मग खरा पुरावा कसा असतो? हुडिनी वारला ३१ ऑक्टोबर १९२६ ला, डेट्रॉइटच्या ग्रेस हॉस्पिटलमध्ये. त्याची पुस्तकं लायब्ररी ऑफ काँग्रेसला गेली. रंगमंचाचं बरंचसं सामान त्याचा भाऊ थिओ, म्हणजे हार्डीन, याच्याकडे आलं. हार्डीन १९४५ मध्ये गेला, पण त्याआधी त्यातलं पुष्कळ सामान मॅसॅच्युसेट्सचे संग्राहक सिडनी रॅडनर यांच्याकडे पोचलं होतं. रॅडनर यांचा संग्रह बरीच वर्षं ॲपलटनच्या संग्रहालयात लोकांना बघायला मिळत होता आणि २००४ मध्ये लास व्हेगासला लिलावात विकला गेला. टेक्सास विद्यापीठाच्या हॅरी रॅन्सम सेंटरमध्येही हुडिनीचे कागद आहेत. कुणी हुडिनीची बेडी विकत असेल तर त्याला विचारायचं की ती या साखळीत कुठे बसते. कुणाच्या पत्रात, कुठल्या यादीत, कुठल्या जुन्या फोटोत हीच वस्तू खुणेसह आहे? उत्तर 'आमच्या आजोबांना थिएटरमध्ये मिळाली' असं आलं, तर आजोबा हिप्पोड्रोममध्ये होते हे तरी कुठल्या कागदावर आहे ते विचारायचं. आमच्या लॉटमध्ये आजोबांचं आडनावसुद्धा पूर्ण नव्हतं.

आणि ही साखळी अखंड असली तरी एक अडचण राहतेच. हार्डीन स्वतःही बेड्यांचे प्रयोग करायचा. दोघे भाऊ रंगमंचावर एकमेकांचे प्रतिस्पर्धी म्हणून वावरायचे आणि ती स्पर्धा त्यांनीच ठरवून घडवली होती. हार्डीनच्या पेटाऱ्यातून निघालेली बेडी थोरल्याची की धाकट्याची, हे त्या बेडीला विचारून कळणार नाही. त्याखेरीज नकलाकार होतेच. १९०० नंतर गावोगाव कुणी ना कुणी 'बेड्यांचा राजा' फिरत होता आणि प्रत्येकाकडे डार्बीच्या जोड्या होत्या. हुडिनीच्या आव्हानाची रीतच अशी होती की लोकांनी आपापल्या बेड्या घेऊन यायचं. त्यामुळे त्याच्या मनगटावर घटकाभर चढून परत मालकाच्या खिशात गेलेल्या बेड्या असंख्य असणार, आणि त्यांतल्या बहुतेकींची नोंद कुणी ठेवली नाही. आपल्या कपाटातली जोडी त्यांतलीच आहे अशी आशा धरायला कुणाचीच हरकत नाही. पण पाच हजार डॉलर घेऊन ती आशा 'सत्यता' या शब्दाखाली विकू नये, असं माझं ठाम मत आहे.

वर्णनात आणखी एक वाक्य होतं: 'आतमध्ये गुप्त फेरफार असण्याची शक्यता'. जादूच्या सामानात असे फेरफार खरोखर असतात: स्प्रिंग कमजोर केलेली, दांड्याचं टोक घासलेलं, किल्लीशिवाय सुटेल अशी. म्हणून ही शक्यता मी हसण्यावारी नेली नाही. आमच्या कारखान्यातल्या क्ष-किरण यंत्रावर दोन्ही नळ्या आरपार बघितल्या. आत दांडा, स्प्रिंग, टोपण, सगळं हायटने घालून दिलं तसंच. कुठेही काही घासलेलं, कापलेलं, बदललेलं नाही. पोलिसाच्या कमरेला लटकलेली जोडी आतून जशी असेल, तशीच ही आहे.

हे सांगितल्यावर आमचे स्नेही जरा गप्प झाले. मग त्यांनी बुटाची नाडी सोडली. हुडिनीनेच पुढे लिहून ठेवलं होतं की जुन्या आट्याच्या बेड्या नाडीच्या फासाने उघडता येतात. नळीच्या तोंडातून फास आत सोडायचा, दांड्याच्या शेपटीवरच्या आट्यांत अडकवायचा आणि सरळ रेषेत ओढायचा. एका हाताला बेडी, दुसऱ्या हातात नाडी, कपाळावर घाम. फास निसटत राहिला, ते पुन्हा पुन्हा घालत राहिले. बऱ्याच वेळाने आत खट्ट झालं आणि कमान उघडली. माणूस लहान मुलासारखा हसला. "वहिनी, त्याने हे असंच केलं असणार," म्हणाले. भाऊजी, असंच केलं असणार, यात मलाही शंका नाही. या वस्तूतून हुडिनीच्या सगळ्यात जवळ जायचं असेल तर ते त्या नाडीने जाता येतं, आणि त्यासाठी शे-दोनशे डॉलरची जोडी पुरते. एक सूचना मात्र देते: बेडी कडक पृष्ठभागावर आपटून उघडायची दुसरी युक्तीही प्रसिद्ध आहे, ती जुन्या वस्तूवर करून बघू नका. घडीव लोखंड सोसेल, बिजागरीची खीळ सोसेलच असं नाही.

आता लिलावगृहाच्या सेवेबद्दल. खरेदीआधी स्नेह्यांनी दोन प्रश्न विचारले होते: लेबलाची तपासणी झाली आहे का, आणि प्रमाणपत्र कुणी दिलं. उत्तर लगेच आणि नम्रपणे आलं, पण त्यात काही नव्हतं. 'विक्रेत्याने दिलेल्या कागदपत्रांवर आधारित' एवढंच. प्रमाणपत्र देणाऱ्याची सही वाचता येत नाही, पत्ता नाही, त्याने काय तपासलं याची एक ओळ नाही. ज्या कागदावर तपासणीची रीत लिहिलेली नाही त्याला मी प्रमाणपत्र मानत नाही, मग शिक्का कितीही सोनेरी असो. माझा अहवाल, अतिनील उजेडातले फोटो आणि झिप कोडचा मुद्दा पाठवल्यावर त्यांनी आधी अटींमधलं कलम दाखवलं. त्यात म्हटलं होतं की कुणाशी संबंध जोडणं हे 'मत' आहे, हमी नाही. मग स्नेह्यांनी त्यांच्याच मथळ्याचा स्क्रीनशॉट पाठवला, ज्यात 'हुडिनीच्या बेड्या' असं निखळ विधान होतं, 'मानल्या जाणाऱ्या' वगैरे काही नव्हतं. त्यानंतर परतावा मंजूर झाला, कमिशनसकट. पाठवणीचा खर्च मिळाला नाही. परतावा दिला याचे गुण त्यांना द्यायला हवेत, कारण सगळे देत नाहीत. पण स्क्रीनशॉट नसता तर काय झालं असतं हे सांगायला नको. बोली लावण्याआधी पूर्ण पान जतन करून ठेवा. लिलाव संपल्यावर वर्णनं बदलतात.

बेड्यांना पाचपैकी साडेचार, बदललेल्या कडीसाठी अर्धा कापून. लेबल, पत्र आणि प्रमाणपत्र यांना शून्य. वागणुकीला तीन.

जोडी परत गेली आहे, तेव्हा ती पुन्हा बाजारात येणार, कदाचित याच नावाने, कदाचित दुसऱ्या एखाद्या नावाने. ओळखायची असेल तर ठसा डाव्या नळीवर आहे आणि त्यातलं शेवटचं अक्षर अर्धवट उमटलंय. उजव्या बेडीच्या नळीच्या तोंडाशी टवका आहे. साखळीत डावीकडून दुसरी कडी नवी आहे, तिच्या जोडावर वेल्डिंगचा मणी भिंगाशिवायही दिसतो. लेबल बदललेलं असेल, पण ती कडी बदललेली नसेल.